माठाच्या पानाची खाच

वस्ती, तिसगाव
२० जुलै १९७२

चिरंजीव गहिनीनाथ यास आक्काचा आशीर्वाद. पोटभर आशीर्वाद म्हणणार हुते, पण सध्या आमच्याकडं पोटभर असं काही ऱ्हायलं न्हाई.

तुझं कार्ड मिळालं. तुझी भाची चांगुणा आता पाचवीत हाय, तिनंच मोठ्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं. राहात्याला आबासाहेबांच्या मोसंबीच्या बागेवर तू सुपरवायझर झालास, तीस बाया खुरपायला लावल्यास, आन् तण उपटून बांधावर जाळतोस, वाचून बरं वाटलं. मग हसू आलं. मग हसू गेलं. आरं बाबा, तू जे जाळतोस त्याच्यावर आमी जगतोय.

खोटं वाटंल तर ये आन् बघ. बाजरी वीतभर वर आली आन् करपली. तिला आमी शेणखत घातलं, दोन पाळ्या दिल्या, नारळ फोडला, ती गेली. आन् त्याच ढेकळात घोळ काय लवलवतीय! तिला जन्मभर शिव्या दिल्या, मुळासकट उपटून फेकली, ती आली. भुरभुर पाऊस झाला तेवढ्यावर घोळ, कुर्डू, तांदुळजा, पाथरी सगळ्या उठून बसल्या. सकाळी ओटी भरून आणते तवा दहिवरात पानं अशी चमकत्यात की मी खुरपं टाकून नुसती बघत ऱ्हाते. कुणाच्या जिवावर जगत्यात ह्या?

तुझे दाजी सडकेच्या कामावर खडी फोडायला जात्यात. रेशनवर मिळती त्या लाल मिलो जवारीची भाकरी आन् घोळीची भाजी, आमचं चाललंय. गाईला केना आन् हरळी घालते, शेळीला आघाडा. माझी काळजी येगळीच हाय. आत्याबाई.

माझ्या सासूबाई, तू वळखतोसच, एक्याऐंशीच्या झाल्या. भाकरीतली अर्धी चांगुणाच्या ताटात ढकलत्यात आन् रानभाजीला हात लावत न्हाईत. हिरड्यातनं रक्त येतं, दिवस कलला की दिसत न्हाई. तिसगावच्या डॉक्टरानं सांगितलं, हिरवा पाला पोटात गेला न्हाई तर म्हातारी दिवाळी बघणार न्हाई. मळ्यातली भाजी आणू कुठून? इहिरीला पाणी न्हाई. जे आपसूक उगवतंय ते त्या खाईनात. पाटलाच्या घरची लेक ना! मी लगीन होऊन आले त्या साली हौसेनं कुर्डूची भाजी केली, तर तवलीसकट उकिरड्यावर फेकली. एक शबूद बोलल्या न्हाईत. तवापासनं ह्या घरात रानभाजी शिजली न्हाई, ती ह्या साली मी शिजवली. आमी खातो, त्या तोंड फिरवून बसत्यात. सुंभ जळंल, पीळ जाणार न्हाई.

तू शिकलेला. तुझ्यावर त्यांचा इस्वास हाय. लिही त्यांना एक पत्र, की पाला खाल्ल्यानं कमीपणा येत न्हाई.

तुझी,
आक्का


राहाता
२९ जुलै १९७२

प्रिय आक्का, पायांवर डोकं ठेवतो.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण रागावू नकोस, तू सांगतेस तसं पत्र मी लिहिणार नाही. मी चार वर्षं शेतकी शिकलो ती तण कसं मारायचं हे शिकायला. ते माणसांना खायला सांगायचं म्हणजे माझ्या मास्तरांनी माझी पदवी काढून घ्यावी. ते गुरांचं खाणं आहे. आत्याबाई नको म्हणतात त्यात त्यांचं काय चुकलं?

मी औषधाच्या दुकानातून शक्तीची बाटली घेतली आहे. आबासाहेबांचा टेम्पो पाथर्डीकडे येतोय, ड्रायव्हरजवळ ती बाटली आणि चार शेर तुरीची डाळ देतो. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. महिनाभरात हिरड्या सुधारतील.

इकडे पाटाला पाणी आहे म्हणून बाग हिरवी आहे, एवढंच. पण तण! आक्का, वैताग आलाय. सोमवारी झाडांच्या दोन ओळींमधली पात खुरपून काढली की पुढच्या सोमवारी पुन्हा हिरवी. बायका खुरपता खुरपता पाला ओटीत लपवून घरी नेतात, त्यात वेळ जातो. म्हणून मी हुकूमच काढलाय, पाला घरी न्यायचा नाही, सगळा बांधावर. त्यांची पुढारी छबूबाई माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तण आहे.

काल गंमत म्हणून तांदुळजाचा एक तुरा पांढऱ्या कागदावर झटकला आणि टाचणीच्या टोकाने बिया मोजायला बसलो. नऊ हजारांवर नाद सोडला. अजून निम्मा कागद काळाच होता, आणि तो एका रोपाचा एकच तुरा. ह्याच्याशी लढायचं म्हणजे माणसानं करायचं तरी काय?

दाजींना नमस्कार. चांगुणाला पाढे विचारत जा.

तुझा,
गहिनी


वस्ती, तिसगाव
८ ऑगस्ट १९७२

गहिनीनाथा,

डाळ पोचली, देव तुझं भलं करो. बाटलीचं सांगते. आत्याबाईंनी बूच काढलं, वास घेतला, म्हणाल्या, "दारू हाय ही." आन् वतून दिली. मी डोकं बडवून घेतलं. नजर गेली तरी त्यांचं नाक काय गेलं न्हाई.

आता माझं ऐक. तुला मी कडंवर खेळवलंय, म्हणून बोलायचा हक हाय. गुरांचं खाणं म्हणतोस. बरं. मग गुरं हुशार आन् आपुन येडे असं म्हण की. गाय नाकानं हुंगून, निवडून निवडून खाती, तिला कुणी पदवी दिली न्हाई. तू चार वरसं शिकलास ते मारायचं शिकलास. ज्याला मारायचं त्याचं नाव-गाव तरी इचारलंस का? त्या बायांची ओटी झाडून घेतोस आन् वर मला हसत हसत कळवतोस. लाज वाटू दे. त्यांच्या घरी त्या पाल्यावर लेकरं जेवत आसतील.

आत्याबाईंचं पाऊल सुजलंय. बोट दाबलं की खड्डा पडतो आन् तसाच ऱ्हातो. परवा उठून उंबऱ्यापतूर गेल्या आन् तितंच बसल्या. चांगुणाला म्हणाल्या, "माझी भाकरी तू खा, तुला अजून लई चालायचंय." मी मोरीत जाऊन रडले. एवढं माणूस समोर बसून वाळतंय आन् पायाखाली हिरवंगार उगवलंय! हे मला सोसवत न्हाई रे.

मला चारच भाज्या येत्यात. मला वाटतं, एखादी तरी त्यांच्या तोंडाला लागंल. तुझ्या त्या छबूबाईला इचार. काय काय खात्यात, कोवळं की जून, कसं शिजवत्यात, सगळं लिहून धाड. पानंच धाड पाकिटातनं, म्हंजी मला वळखू येतील. हुकूम काढायची लई हौस हाय ना, मग हा तुझ्या आक्काचा हुकूम समज.

आक्का


राहाता
२२ ऑगस्ट १९७२

प्रिय आक्का,

तुझं पत्र खिशात घालून चार दिवस फिरलो. पाचव्या दिवशी छबूबाईच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मला शिकवा." ती आधी हसली, मग सगळ्या बायका हसल्या, मग ती म्हणाली, "खाली बसा सायेब. उभ्यानं तण दिसत न्हाई."

आक्का, मी बसलो आणि मला वेडच लागायची पाळी आली. ह्या एका पातेत, बैलगाडी उभी राहील एवढ्या जागेत, तिने मला सोळा झाडं दाखवली. मी त्या सगळ्याला आजवर एकाच नावाने हाक मारत होतो, तण. केन्याची पानं बेसनात बुडवून भजी करतात. पाथरी कच्चीच भाकरीबरोबर खातात. कुर्डू तुरा यायच्या आत तोडायची. हे गाईला घातलं तर दूध वाढतं, ते शेळी खाते पण म्हैस तोंड लावत नाही, अमुक एक बाळंतिणीला चालतं, तमुक चालत नाही. न लिहिता, न वाचता हे सगळं तिच्या डोक्यात आहे. मी वहीत लिहून घेता घेता दमलो.

आणि घोळ! माझ्या हुकमाने उपटून बांधावर फेकलेली घोळ आठ दिवस कडक उन्हात मुळं वर करून पडली होती. मी जवळ जाऊन बघितलं तर तिला पिवळी फुलं आलेली. मुळं हवेत, आणि ती आपलं फुलून बी धरत होती! मी तिथेच टोपी काढून बसलो. शप्पथ सांगतो, देवळात इतका गप्प कधी बसलो नव्हतो.

माझा हुकूम मी मागे घेतला आहे. आता बायका उघड पाट्या भरून पाला नेतात आणि पात पूर्वीपेक्षा लवकर खुरपून होते. आबासाहेबांना अजून सांगितलं नाही.

सोबत सहा पानं वहीत दाबून, वाळवून पाठवतो आहे. प्रत्येकावर चिठ्ठी आहे: तांदुळजा, घोळ, केना, पाथरी, कुर्डू, माठ. पाच छबूबाईने दिली. सहावं, माठाचं, मी स्वतः ओळखून तोडलं. विहिरीमागे पडक्या जागेत ह्याची कोवळी रोपं भरपूर आहेत, पानं चांगली रुंद आहेत. तुमच्याकडेही उकिरड्याच्या कडेला, गोठ्यामागे नक्की असणार. तुला चारच भाज्या माहीत, म्हणून हे खास. रुंद पानाची भाजी मऊ शिजते, दात नसलेल्या माणसाला बरी. आत्याबाईंना आधी हीच करून घाल.

बघ, तुझा भाऊ अगदीच वाया गेला नाही.

गहिनी


राहाता
३१ ऑगस्ट १९७२

आक्का,

हे पत्र मिळेल तेव्हा मिळेल, तार आजच केली आहे. माठाचं पान फेकून दे. त्याची भाजी करू नको. केली असेल तर कुणी खाऊ नका.

ज्या रोपाचं पान मी तुला पाठवलं त्याला आज फूल आलं. पांढरं, लांब, कर्ण्यासारखं. छबूबाई पाणी आणायला तिकडून चालली होती, तिला मी मोठ्या ऐटीत दाखवायला गेलो. तिच्या हातातली घागर खाली पडली. तो धोतरा आहे. फूल आल्यावर तो शेंबडं पोरही ओळखतं. मी कोवळं रोप बघितलं, पान बघितलं आणि ठरवून टाकलं. तिला विचारायलासुद्धा गेलो नाही.

नऊ दिवस झाले पत्र टाकून. मी "आधी हीच करून घाल" असं लिहिलं होतं. ते वाक्य डोळ्यांसमोरून हलत नाही. आबासाहेबांकडे रजा मागितली आहे. देवा, एक ओळ लिही, लगेच लिही.

गहिनी


वस्ती, तिसगाव
४ सप्टेंबर १९७२

बाळा गहिनीनाथा,

आधी श्वास घे. कुणीबी खाल्लं न्हाई. सगळी धड हायेत. यायची गरज न्हाई, रजा राखून ठेव. आता सावकाश वाच, लई सांगायचंय.

तुझं पत्र आलं तवा दुपार हुती. चांगुणा वाचत हुती आन् एकेक पान आत्याबाईंच्या हातात देत हुती. पहिलं पान त्यांनी बोटात धरलं आन् चिठ्ठी वाचायच्या आतच म्हणाल्या, "तांदुळजा." दुसरं, "घोळ." तिसरं, "केना." मी सूप खाली ठेवलं. पंचवीस वरसं ह्या बाईनं रानभाजीला हात लावलेला मी बघितला न्हाई, आन् वाळक्या पानाला नुसतं शिवून नाव सांगत हुत्या! पाथरी झाली, कुर्डू झाली. सहावं पान घेतलं आन् त्या थांबल्या. शेंड्यावरनं बोट फिरवलं. थुकी लावून चोळलं, नाकाशी धरलं. आन् उठून उभ्या ऱ्हायल्या. आठ दिस झाले त्या आधाराबिगर उठल्या न्हवत्या.

"कुनी धाडलं हे?"

मी म्हणलं, "गहिनीनाथानं. माठ हाय."

"माठाच्या शेंड्याला खाच आसती, नखानं कुरतडल्यावानी. ह्याला खाच न्हाई. धोतरा हाय हा!" आन् चांगुणाचे हात राखंनं दोनदा धुवायला लावले. प्यायच्या पाण्यातनं.

मग त्या भिंतीला टेकून बसल्या आन् बोलायला लागल्या. आदूगर त्यांच्या तोंडून एवढं बोलणं मी ऐकलं न्हवतं. त्या नऊ वरसाच्या हुत्या तवा मोठा दुष्काळ पडला. पाटीलकी कागदावर ऱ्हायली, आन् त्यांची आई सरकारी कामावर दगड वाहायला जायची. पाला गोळा करायचं काम ह्यांच्याकडं. ह्यांचा भाऊ रंभाजी, चार वरसाचा. एक दिस पडक्या भिंतीमागं रुंद रुंद पानं दिसली. ह्यांना वाटलं, माठ. ओचा भरला. आईनं शिजवलं. रंभाजी भुकेजलेला, त्यानं बचाबचा खाल्लं. आई कामावरनं आलेली, तिनं दोन घास खाल्ले. ह्या पोरीची जात म्हणून मागनं जेवणार, तवर भांडं सरलं. मग रंभाजी हसायला लागला. हवेतनं कायतरी येचायला लागला, फुलं येचावीत तसा. डोळ्याची बुबुळं ही एवढी. दिवस मावळायच्या आत गेला. आई वाचली. आईनं मरंपतूर ह्यांना एका शबदानं इचारलं न्हाई की तू काय तोडून आणलंस.

"ती बोलली आसती तर बरं झालं आसतं," म्हणाल्या. "मारलं आसतं तर लई बरं झालं आसतं."

गहिनी, मी पंचवीस वरसं ह्या बाईला गर्विष्ठ म्हणत आले. तुला लिहून कळवलं. तवली फेकली ती पाटीलकीनं न्हवं रे. भ्यालेल्या त्या. मला, माझ्या घरवाल्याला कायतरी हुईल म्हणून भ्यालेल्या. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तोडूच दिलं न्हाई तर चुकणार न्हाई. आन् आता हा शिकलेला पोरगा टपालातनं धाडतोय."

दुसऱ्या सकाळपासनं आमच्या वस्तीवरची कुणीबी बाई पाला घेऊन आली की तिनं पाटी आधी आत्याबाईंच्या पुढं ठेवायची. एकेक पान त्या बोटानं बघत्यात. सात घरच्या पाट्या हुत्या आज. तुझी तार परवा आली, तवर इकडं सगळं झालेलं.

पण त्या अजून खात न्हाईत. दुसऱ्याच्या लेकरासाठी पान पान निवडत्यात आन् स्वता कोरडी भाकरी, ती बी अर्धी. म्हणत्यात, "माझ्या हातानं गेला तो. माझ्या तोंडाला तो पाला कसा चालंल?" सूज पोटरीपतूर आलीय. डॉक्टर म्हणला, महिना. मी हात जोडले, चांगुणा रडली. न्हाई म्हंजी न्हाई. आता मी काय करू सांग.

आक्का


राहाता
८ सप्टेंबर १९७२

आक्का,

तुझं पत्र छबूबाईला वाचून दाखवलं. पातेवरच्या सगळ्या बायका खुरपी खाली ठेवून ऐकत होत्या. मग छबूबाईने तिथलंच माठाचं पान तोडून माझ्या हातात दिलं आणि शेंड्यावर माझं बोट फिरवलं. खाच आहे. इतकी लहान आहे, आक्का. एवढ्याशा खाचेवर माणूस जगतो की मरतो. चार वर्षांत ती मला कुणी दाखवली नाही, आणि मी स्वतः कधी बघितली नाही.

आत्याबाईंना काय लिहू? त्यांना समजवायचा मला हक्क नाही. त्या नऊ वर्षांच्या होत्या, अजाण होत्या. मी सत्तावीस वर्षांचा, पदवीधर, तीच चूक मी केली. एवढंच त्यांना वाचून दाखव. त्यांनी स्वतःला क्षमा केली नाही, तर मी कुठल्या तोंडाने मागू?

गहिनी


वस्ती, तिसगाव
१३ सप्टेंबर १९७२

गहिनीनाथा,

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, पदरानं डोळं पुसलं. आता कालचं ऐक.

काल ऋषीपंचमी. तुला ठावं हाय, त्या दिशी बाया बैलाच्या कष्टाचं खात न्हाईत. नांगरल्या रानातलं काही चालत न्हाई, आपसूक उगवलेलंच खायचं. आमच्या घरात आजवर त्या दिशी निव्वळ उपास व्हायचा, का ते आता कळलं. शेजारची रंगुबाई म्हणाली, "औंदा देवानं गड्यांना बी ऋषीपंचमी धरायला लावली की गं." हसलो सगळ्या. मग ठरलं, येगळ्या चुली नकोत, वस्तीवरच्या अकरा घरांचं एकच पातेलं आमच्या अंगणात चढवायचं.

सकाळी बाया रानात पांगल्या. कोण वढ्याला गेली, कोण पडीक रानात. आणलेलं सगळं आत्याबाईंच्या पुढं वतलं. चांगुणा मोजत हुती. गहिनी, एकोणीस जातीचा पाला! ज्या रानात पेरलेलं एक धाट उभं न्हाई, त्या रानातनं एकोणीस! आमी जन्मभर म्हणतो की आमी रान पिकवतो. रान आपल्याआपण काय काय पिकवीत हुतं, ते कुणी बघितलंच न्हवतं. आत्याबाई एकेक मूठ बोटांखालनं घालत हुत्या, नाव सांगत हुत्या, ह्या ढिगात टाक, त्या ढिगात टाक. दोनदा त्यांनी काडी बाजूला फेकली. कसली ते सांगितलं न्हाई, नुसतं म्हणाल्या, "जाळा."

भाजी शिजली. ताटं मांडली. आन् कुणी घासच उचलंना.

रंगुबाईच्या सुनंच्या मांडीवर तीन महिन्याचं लेकरू. तिला ती रंभाजीची गोष्ट कळलेली, सगळ्यांनाच कळलीय. रंगुबाई चाचरत म्हणाली, "आत्याबाई, राग मानू नका. पण तुमची नजर मंद. शंभर पानात एक चुकलं आसंल तर?"

मला असा राग आला की रंगुबाईची झिंजीच धरावी. पण आत्याबाई शांत. म्हणाल्या, "खरं बोललीस. चुकलं आसंल. माझ्या हातनं चुकतं."

मग मला म्हणाल्या, "साळू, मला वाढ."

माझा हात पातेल्यावरच ऱ्हायला. त्या म्हणाल्या, "जिनं निवडलं तिनं आधी खावं. तवाच ही रीत पाळली आसती तर रंभाजीच्या जागी मी गेले आसते. वाढ."

मी वाढलं. पहिला घास तोंडात घेतला आन् तसाच धरून बसल्या, डोळ्यातनं धारा. मला वाटलं, थुकणार. गिळला. मग दुसरा. मग वाटी रिकामी करून म्हणाल्या, "आता मी सांगंपतूर कुणी हात लावायचा न्हाई. माझ्या डोळ्यांकडं बघत ऱ्हावा. बुबुळं मोठी झाली, मी हवेतनं कायतरी येचाया लागले, तर पातेलं पालथं करा."

आन् बसलो. अकरा घरच्या बाया, पोरं, पुढं वाढलेली ताटं, आन् सगळ्यांची नजर एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांवर. लेकरं भुकेनं रडत हुती, आया त्यांना थोपटत हुत्या, पण घास कुणी उचलला न्हाई. मी देवाला काय काय बोलले ते तुला सांगत न्हाई. उंबऱ्यापासची सावली सरकत सरकत जोत्याच्या खाली उतरली. मी खाटंवर पडलेल्या माणसाला भ्याले न्हाई कधी, पण ताठ बसलेल्या ह्या बाईला भ्याले. मरण येतं का बघायला ती आमाला दारात बसवून, स्वता निवांत बसली हुती.

मग त्यांनी चांगुणाला जवळ बोलावलं. "बघ गं नीट. कशी हायेत बुबुळं?"

चांगुणानं नाकाला नाक लावून बघितलं. म्हणाली, "रोजच्यासारखीच हायेत आज्जी. लहानच."

"खा गं बायांनो," आत्याबाई म्हणाल्या.

असा गलका झाला की बोलू नको. रंगुबाई उठून त्यांच्या पाया पडायला आली, तर तिला म्हणाल्या, "आधी त्या पोरीला वाढ, तिला दूध सुटू दे." सगळ्यांच्या पंगती झाल्या. मी पातेलं खरवडायला घेतलं.

तर मागनं आवाज आला. बारीक, अगदी पोरीच्या आवाजात, "साळू, आणखी हाय का गं? मला भूक लागलीय."

मी सगळं पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं, रे गहिनी. त्या जेवल्या.

तुझी,
आक्का